गुडघ्यांपुरती जागा

कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणारा जो रस्ता शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडतो, जोतिबाचा आणि पन्हाळ्याचा फाटा बाजूस सोडून बांबवडे, मलकापूर, आंबा ही गावे घेत सह्याद्रीच्या कड्यावर येतो आणि तेथून एकाएकी कोकणात उतरतो, त्या रस्त्याइतक्या थोडक्या अवकाशात आपले रूप इतक्या वेळा पालटणारा मार्ग महाराष्ट्रात विरळाच म्हटला पाहिजे. नदीकाठचा गच्च ऊस संपतो न संपतो तोच तांबड्या मातीचे माळ लागतात; माळ ओसरले की उतारावर नाचणीच्या आणि वरीच्या पट्ट्या दिसू लागतात; घाटमाथ्याजवळ जांभूळ, अंजनी आणि हिरडा यांचे रान रस्त्यावर झुकून येते; आणि घाट उतरून साखरप्यास पोहोचावे तो चिऱ्यांचे गडगे, भाताची खाचरे, पोफळीची आगरे आणि काजळी नदीचे पात्र असा सर्वस्वी निराळा मुलूख समोर उभा राहतो. १६६० च्या आषाढात सिद्दीचा वेढा चुकवून शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून ज्या रानाने विशाळगडाकडे गेले, ते रान याच रस्त्याच्या अंगाने पसरलेले आहे.

माझे वास्तव्य कोल्हापुरास आणि आजोळ रत्नागिरीच्या बाजूस, सबब या वाटेने माझे जाणेयेणे बाळपणापासूनचे आहे. त्या वयात मी आईच्या मांडीवर गुडघे टेकून खिडकीचे गज धरून बसे, आणि तेव्हा पाहिलेली एकेक वळणे, एकेक ओढे मला आजही जागेवर दाखवता येतील. पुढे माझी उंची वाढत वाढत सहा फूट तीन इंचांवर येऊन थांबली, आणि तेव्हापासून हा रस्ता मला सलग असा कधी दिसलेलाच नाही. जो दिसला तो तुटक, गाडी थांबल्यावर खाली उतरून उभा राहिलो असता दिसला तेवढाच. दोन थांब्यांच्या मधला सारा प्रदेश माझ्या स्मरणात गुडघ्यांच्या ठणक्याने व्यापलेला आहे. गेल्या आश्विनात मी याच मार्गाने गेलो, तेव्हा ही गोष्ट एकदा नीट तपासून पाहावी आणि लिहून ठेवावी असे मनाशी ठरवले होते, व त्यासाठी शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी बरोबर घेतली होती.

गाडी सकाळची होती. माझे आसन चालकाच्या मागल्या अंगास, पाचव्या रांगेत, खिडकीजवळचे होते. आसनाच्या पाठीच्या पुढल्या पृष्ठापासून समोरच्या आसनाच्या पाठीमागच्या पत्र्यापर्यंतचे अंतर मी बैठकीच्या पातळीवर मोजले, ते पंचवीस इंच भरले. टेकून बसले असता माझ्या पाठीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंतचे अंतर सव्वीस इंच आहे. या दोन आकड्यांत पुढच्या चार तासांची सारी हकीकत सामावलेली होती. पाठ टेकून सरळ बसणे अशक्य; म्हणून एकतर कंबर पुढे सरकवून गुडघे वर उचलावेत आणि पाठीचा कणा अधांतरी ठेवावा, नाहीतर सारे शरीर तिरपे करून एक पाय शेजाऱ्याच्या हद्दीत सोडावा. शेजारी बसलेला मनुष्य सज्जन असला तर तो आपण होऊन आक्रसून घेतो, आणि त्याचे ते आक्रसणे पाहून आपल्या पायांच्या वेदनेत मनाच्या संकोचाची भर पडते. समोरच्या पाठीच्या मागील बाजूस, हात धरावयास म्हणून, एक लोखंडी नळी आडवी बसवलेली होती. तिची उंची माझ्या गुडघ्याच्या वाटीला नेमकी मिळत होती, आणि चालकाने गतिरोधकापाशी ब्रेक दाबला की त्या नळीची व वाटीची गाठ पडे. केर्लीच्या पुढे उजव्या गुडघ्याची कातडी लाल झालेली मी पाहिली. बांबवड्यापर्यंत तेथील संवेदना बोथट झाली, आणि तिची जागा मांडीच्या खालच्या शिरेतून पोटरीपर्यंत उतरणाऱ्या मुंग्यांनी घेतली.

उंच माणसाची अडचण पायांपाशी संपते अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाही. बैठकीची जमिनीपासूनची उंची ज्या मापाने ठरवलेली असते, त्यापेक्षा त्याची नडगी लांब. त्यामुळे गुडघे कमरेच्या वर राहतात, मांड्यांना बैठकीचा आधार मिळत नाही, आणि अंगाचा सगळा भार माकडहाडावर येऊन पडतो. पाठीची उशी त्याच्या खांद्यांच्या खालीच संपते. आणि सर्वांत अधिक दुःखाची गोष्ट खिडकीची. तिची वरची चौकट माझ्या डोळ्यांच्या रेषेत येते, म्हणून मान ताठ ठेवली असता मला बाहेरचे जे दिसते ते डांबरी रस्त्याची कड, मैलाचे दगड आणि पायी चालणाऱ्यांची पावले एवढेच. डोंगर पाहावयाचा तर मान खाली घालून, हनुवटी छातीला लावून पाहावा लागतो, आणि तसे किती वेळ पाहणार? पन्हाळ्याच्या तटबंदीची रेघ ज्या बाजूस दिसते त्याच बाजूस मी बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी आपल्या मुलाला बोट करून ती दाखवली, मुलाने ती पाहिली, आणि मी रस्त्याकडेची पांढरी पट्टी पाहत पुढे गेलो.

तिकिटे देत देत वाहक मागे आला तेव्हा माझा डावा पाय मधल्या वाटेत होता. “पावणं, पाय आत घ्या, बायाबापड्या अडकून पडतील,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे रास्त होते. मी पाय आत घेऊन दाखवला, आणि तो मावत नाही हे त्याने स्वतः वाकून पाहिले. मोजपट्टीचे आकडे मी त्याला सांगितले तेव्हा त्याच्या मुद्रेवर कंटाळ्याऐवजी कुतूहल उमटले. “आमच्या डायवरचं शीट तेवढं मागंपुढं हुतंय बघा,” तो म्हणाला, “बुटका असला तर पुढं, उंच असला तर मागं. बाकीच्यांचं जिथं बोल्टानं आवळलं तिथं आवळलं.” हे त्याने सहज म्हटले, परंतु मला ते फार मोलाचे वाटले. एकाच गाडीत, एकाच छपराखाली, एक आसन असे आहे की जे माणसाकडे पाहून आपली जागा बदलते. कारण त्या माणसाचा पाय ब्रेकपर्यंत नीट पोहोचला नाही तर सर्वांच्या जिवाशी गाठ आहे हे गाडी बांधणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. माणसांची शरीरे निरनिराळ्या मापांची असतात हे ज्ञान, म्हणजे, तेथे आहेच. ते चालकाच्या आसनापाशी थांबले आहे आणि त्याच्या पाठीमागे चार फुटांवरही आलेले नाही.

मलकापुरास गाडी दहा मिनिटे थांबली. खाली उतरून पाय झटकताना जे सुख होते त्याचे वर्णन मी करीत नाही. ज्यांनी ते अनुभवले आहे त्यांना ते ठाऊक आहे. परत चढताना वाहकाने आपण होऊन मला पुढच्या दाराजवळ उभे राहण्याची मुभा दिली, आणि आंबा गावापासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता मी दांडीला धरून उभ्याने केला. बसावयास पैसे भरून आरक्षण केलेल्या मनुष्याने उभे राहण्यात सुख मानावे, ही व्यवस्थेची विपरीत गती आहे. परंतु त्या अर्ध्या-पाऊण तासात मला आंबा घाट पुन्हा दिसला. माझे डोके छताला लागत होते, तरी दाराची काच उंच होती, आणि तिच्यातून पाऊस नुकताच सरलेल्या सह्याद्रीचे अंग उघडे दिसत होते. कड्यांवर सोनकीचे पिवळे ताटवे फुलले होते. पावसाळी धबधबे आटून त्यांच्या जागी काळ्या खडकावर ओलसर पट्टे उरले होते आणि त्या पट्ट्यांतून मधूनच पाण्याची बारीक धार लकाकत होती. एका वळणावर दरीचे तोंड एकदम उघडले. खाली कोकणाचा पट्टा धुक्यात बुडालेला होता, आणि त्या धुक्यातून एखाददुसऱ्या टेकडीचा माथा वर आला होता. गाडी वळली, दरी डोंगराआड गेली, पुढच्या वळणावर पुन्हा आली, आणि या वेळी धुके विरळ होऊन त्यात भाताच्या खाचरांचे हिरवे-पिवळे तुकडे स्पष्ट झाले होते. प्रवास म्हणून जी वस्तू आहे ती हीच; आणि शरीर जेव्हा स्वतःच्याच व्यथेकडे लक्ष पुरवीत असते तेव्हा ती आपल्या बाजूने निघून जाते, मग तिकीट कितीही लांबचे काढलेले असो.

घाट उतरल्यावर पुढच्या रांगेतील एका वृद्ध बाईने मला हात करून आपल्याशेजारी बसवले. पालीस लेकीकडे निघालेली, शाहूवाडी तालुक्यातील एका वाडीवरची ही आजी उंचीने साडेचार फुटांच्या वर फारशी नसावी. तिच्या पायांखाली गाठोडे ठेवलेले पाहून मी ते बाजूस सरकवू लागलो, तेव्हा तिने मला थांबवले. गाठोडे काढले की तिचे पाय जमिनीस टेकत नव्हते. बैठकीची कड मांड्यांना खालून कापत होती आणि पावले अधांतरी लोंबकळत होती. “लेकरा,” ती म्हणाली, “तुजं पाय मावंनात, आन् माजं पाय टेकंनात.” मी तिच्याकडे पाहतच राहिलो. इतकी वर्षे मी माझी गैरसोय ही उंच माणसाची म्हणून मनात धरून चाललो होतो. आणि येथे जे आसन माझ्या लेखी ठेंगणे, तेच या बाईच्या लेखी उंच, आणि आम्हां दोघांनाही ते सारखेच छळीत होते. सरासरी काढून घडवलेले आसन सरासरीच्या दोन्ही अंगांस असलेल्या माणसांना दूर सारते, आणि अशी माणसे थोडीथोडकी नसतात.

या छळाला शास्त्रीय आधार आहे, आणि तो ऐकून कोणी घाबरू नये तरी तो जाणून घ्यावा इतका महत्त्वाचा आहे. १९४० मध्ये लंडनवर बाँबवर्षाव होत असता तेथील हजारो लोक रात्रीच्या रात्री निवाऱ्याच्या जागी कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढीत. कीथ सिम्पसन या वैद्यकतज्ज्ञाच्या असे ध्यानी आले की पायांतील शिरांत साकळलेले रक्त फुप्फुसात जाऊन होणारे आकस्मिक मृत्यू त्या काळात वाढले आहेत. खुर्चीच्या पुढल्या लाकडी पट्टीने मांडीच्या मागील शिरा तासन्‌तास दाबल्या जात, हे कारण त्याने मांडले. पुढे विमानप्रवास वाढला तेव्हा याच विकाराची चर्चा नव्याने सुरू झाली. हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की चार तासांहून अधिक काळ बसून केलेला प्रवास, मग तो मोटारीचा, बसचा, आगगाडीचा असो वा विमानाचा, या विकाराचा संभव सुमारे दुप्पट करतो. मूळ संभव अत्यल्प असल्याने दुप्पट होऊनही तो अल्पच राहतो, हे खरे. परंतु १९० सेंटिमीटरांहून उंच असलेल्यांत तो अधिक दिसला, आणि विमानप्रवासात १६० सेंटिमीटरांहून कमी उंचीच्या लोकांतही तो वाढलेला दिसला. म्हणजे आजीने जे एका वाक्यात सांगितले तेच शास्त्राच्या दप्तरातही नोंदलेले आहे.

आता ज्या देशात हा अभ्यास झाला त्या हॉलंडची गोष्ट पाहावी. तेथील पुरुषांची सरासरी उंची आज १८० सेंटिमीटरांच्या वर असून जगातील सर्वांत उंच लोकांत त्यांची गणना होते. आपल्याकडील पुरुषांची सरासरी १६५ च्या आसपास आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या मापांवरून दिसते की डच तरुण तेव्हा सरासरीने आज आपण आहोत तेवढेच होते. अन्न सुधारले, रोगराई हटली, लेकरे पोटभर जेवून वाढली, आणि दीडशे वर्षांत एका समाजाची उंची वीतभर नसली तरी चार बोटे नव्हे, त्याच्या दुपटीने वाढली. आपल्याकडेही घराघरांत मुलगे बापाच्या आणि मुली आईच्या वर निघत आहेत. अशा वेळी आज मोजलेल्या सरासरीवर आसने आवळून टाकणे म्हणजे पुढल्या पिढीच्या गुडघ्यांविषयी आजच निर्णय देऊन ठेवण्यासारखे आहे.

माप ठरवून देण्याचे काम अशक्य आहे असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १०७ क्रमांकाच्या नियमात दोन आसनांमधील ही मोकळी जागा शहरातल्या गाडीस किमान ६५ आणि लांब पल्ल्याच्या गाडीस किमान ६८ सेंटिमीटर असावी असे स्पष्ट लिहिलेले आहे. समोरासमोर तोंडे असलेल्या आसनांत १३० सेंटिमीटर. अडुसष्ट सेंटिमीटर म्हणजे पावणेसत्तावीस इंचांच्या किंचित वर. माझ्या गुडघ्यापुढे जेमतेम पाऊण इंच उरवणारे हे माप उदार नाही, तरी गुडघा पत्र्याला टेकत नाही एवढी हमी त्यात आहे. विमानांच्या बाबतीत अमेरिकेच्या काँग्रेसने २०१८ मध्ये कायदा करून आसनांची किमान मापे ठरवण्याचा आदेश आपल्या हवाई खात्यास दिला. गांधीजींनी १९१७ मध्ये आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातील प्रवाशांच्या हालांविषयी वृत्तपत्रांस सविस्तर पत्र लिहिले होते. चंपारणच्या लढ्याच्या त्या वर्षात त्यांना हा विषय क्षुल्लक वाटला नाही, मग तो आपणांस का वाटावा?

आगगाडीचा विषय निघाला म्हणून सांगतो, तेथे दिवसाचे बसणे पुष्कळ सुसह्य आहे. जाच होतो तो रात्री. खिडकीलगतच्या आडव्या फळीच्या दोन्ही टोकांस भिंती असल्याने तिच्यावर उंच मनुष्याला पाय सरळ करताच येत नाहीत, आणि आतल्या फळीवर निजला तर त्याची पावले वाटेत येतात व जाणाऱ्या-येणाऱ्याचे खांदे त्यांना रात्रभर लागत राहतात. झोपलेल्या माणसाला जागे करून ‘पाय घ्या’ म्हणणाऱ्याचाही त्यात दोष नसतो.

आक्षेप येईल तो पैशाचा, आणि तो प्रामाणिक आक्षेप असल्याने त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. गाडीत अकरा रांगा आणि चव्वेचाळीस आसने धरली आणि प्रत्येक रांगेस तीन इंच वाढवून दिले, तर तेहतीस इंच जातात. म्हणजे एक सबंध रांग, चार प्रवासी, चार तिकिटे. ज्या गाडीतून शेतमजूर, विद्यार्थी आणि बाजारास निघालेल्या बाया जातात, तिचे भाडे त्यासाठी दहाव्या हिश्शाने वाढवावे असे मी म्हणणार नाही. परंतु सर्व रांगांस वाढवून देण्याचे कारणच काय? दोन रांगांस पाच-पाच इंच दिले तर दहाच इंच लागतात, आणि ते उरलेल्या रांगांना हात न लावता शेवटल्या बाकामागच्या व चालकामागच्या रिकाम्या जागेतून बहुधा निघू शकतात. पाठीच्या मागील बाजूस जेथे गुडघा येतो तेथे पत्रा आत दाबून खळगा केला तर एखाददुसरा इंच काहीही खर्च न होता मिळतो. हात धरावयाची नळी पाठीच्या माथ्यावर नेली तर धरणाऱ्याचीही सोय अधिक होते आणि वाटीचाही बचाव होतो. ठेंगण्यांसाठी समोरच्या आसनाखाली पाय टेकावयास दुमडती पट्टी हवी; ती कायमची पक्की केली तर माझ्यासारख्याच्या पावलांना पुढे जावयास वाट राहणार नाही, म्हणून दुमडतीच हवी. यात कोणतीही अवघड विद्या नाही. गाडीची बांधणी करणाऱ्या कारखान्यात ज्या दिवशी आसनांचे बोल्ट आवळतात, त्या दिवशी तेथे एक उंच आणि एक ठेंगणा असे दोन इसम आणून बसवावेत व त्यांना विचारावे, एवढी तजवीज पुरे आहे.

नाणीज गेले, पाली आली, आजी उतरली. तिचे गाठोडे मी खाली दिले तेव्हा तिने त्यातून गुळाचा एक खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि ती स्थानकाबाहेर गेली. हातखंब्यापासून पुढचा रस्ता मी पुन्हा माझ्या मूळ जागेवर, तिरपा बसून केला.

रत्नागिरीस उतारू उतरल्यावर मी वाहकाकडे तक्रारवही मागितली. त्याने ती काढून दिली, आणि मी तेथेच पायरीवर बसून लिहिले: मोजलेले अंतर पंचवीस इंच, दोन रांगांत ते तीस करावे, धरावयाची नळी वर न्यावी, खिडकीच्या वरच्या चौकटीची उंची पुढल्या बांधणीत वाढवावी, आणि ज्यांचे पाय जमिनीस पोहोचत नाहीत त्यांच्यासाठी दुमडती पट्टी बसवावी. चालकाचे आसन जसे मागेपुढे सरते तसे निदान एका रांगेचे सरते करता येईल काय, याचाही विचार व्हावा असे शेवटी जोडले. वाहकाने माझ्या खांद्यावरून सारे वाचले.

“म्हातारीचं बी घातलंसा, ते ब्येस केलंसा,” तो म्हणाला. “आता खाली गाडीचा नंबर आन् तारीख घाला, आन् पत्ता पुरता लिवा. उत्तर आलं पायजे.”

त्याने क्रमांक सांगितला, मी तो लिहिला, आणि माझ्या सहीखाली त्याने आपलीही सही केली.